सिदोनीच्या नावाचा शिंपला

सेम्यूर, १४ मार्च १८५३

प्रिय थेओदूल,

तुम्ही समुद्रापलीकडच्या कोपियापोहून टाकलेलं पत्र काल पोचलं. पाकिटात दोन कागद होते. एक माझ्या नावाचा. त्यात दगडांच्या पेट्या कोरड्या जागी ठेवा, गाडीखान्यात कोंबड्या शिरू देऊ नका, आणि वरच्या चिठ्ठ्या उंदरांपासून सांभाळा, एवढं होतं. दुसरा सिदोनीच्या नावाचा, चांगला चार पानी. तिच्या शाळेतल्या सिस्टर यूलालीचं नाव तुम्ही एका अडेलतट्टू खेचराला दिलंय आणि तेही सिस्टरसारखंच नाक फेंदारतं, असं लिहिलंत. खाली चित्रही काढलंत. चित्र चांगलं आहे.

सिदोनी ऑक्टोबरात गेली. घटसर्पानं. मी तेव्हाच कळवलं होतं. ते पत्र तुम्हांला मिळालेलं नाही, हे तुमच्या खेचरावरून कळलं. माझं पत्र आणि तुमचं पत्र समुद्रात कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेली असणार. म्हणून पुन्हा लिहिते आहे. पहिल्या वेळी तीन कागद फाडले होते. या वेळी एकच पुरतो आहे, हे जास्त वाईट.

पेर्नेतनं तो चार पानी कागद टेबलावर पाहिला. “हे आता कुणाला वाचून दाखवायचं, मालकीणबाई?”

“कुणाला नाही.”

“मग मला तरी दाखवा. मालकांचं खेचर बघू दे.”

दाखवलं. ती हसली. सिस्टर यूलालीचं नाक तिलाही ठाऊक आहे. हसता हसता चुलीपाशी बसली आणि एप्रनमध्ये तोंड खुपसून कितीतरी वेळ तशीच राहिली. त्या दिवशीचं सूप करपलं.

तुम्ही विचाराल, डॉक्टर वेळेवर आणला होता का. गावात द्राक्षतोडणी चालली होती. डॉक्टर टेकडीपलीकडे कुणाचा तरी मोडलेला पाय बसवायला गेले होते. ते आले तोवर तिच्या घशातून चमचाभर पाणी उतरेना. बोलता येत होतं तोवर ती एकच विचारत होती, “बाबा येतायत का?”

मी म्हटलं, “निघालेत.”

मरणाऱ्या पोरीशी मी तुमच्या वतीनं खोटं बोलले, थेओदूल. आता ते खरं करणं तुमच्या हातात आहे. दगड तिथेच राहतील. या.

लेओकादी


सेम्यूर, २ फेब्रुवारी १८५४

थेओदूल,

तुमचं उत्तर आलं. बातमी वाचून तुम्ही दिवसभर तंबूत पडून होतात, असं लिहिलंत. माझा विश्वास आहे. दुसऱ्या दिवशी उठलात आणि घाटाकडे निघालात, असंही लिहिलंत. त्यावर तर माझा पुरता विश्वास आहे.

घाट वर्षातून थोडेच दिवस उघडतो, म्हणे. खेचरवाले ठरलेत, म्हणे. आत्ता परतलात तर तुमच्यासारखाच दगड वेचणारा तो उद्योगी जर्मन पुढच्या उन्हाळ्यात तिथे पोचेल आणि सगळ्या डोंगरावर आपला शिक्का मारेल. म्हणजे सिदोनीच्या बाबतीत तुम्हांला उशीर झाला तर चालतो, जर्मनाच्या बाबतीत चालत नाही.

आणि मग ती भेट. ‘मेंढ्याच्या शिंगासारखा वळलेला एक अमोनाइट, दगड झालेला प्राचीन शिंपला, मला घाटाच्या वरच्या अंगाला सापडला. आजवर कुणी पाहिला नव्हता इतका सुंदर. त्याला मी आपल्या मुलीचं नाव दिलं आहे, आमोनितेस सिदोनिए. माणसं दगड फोडत राहतील तोवर तिचं नाव राहील. यातून तुला काही दिलासा मिळावा.’

तुमची ती वाक्यं मला पाठ झालीत, म्हणून लिहू शकले. पाठ झाली कारण पाद्रीबाबा बुए रोज कुणाला ना कुणाला ती म्हणून दाखवतात. “केवढा मान! अख्ख्या युरोपात पोरीचं नाव छापून येणार!” शेजारणी माझा हात दाबतात. नोटरी राविन्यो टोपी काढून म्हणाले, “मादाम, याला अमरत्व म्हणतात.” त्यांना स्वतःला दगड गोळा करायचा नाद आहे, त्यामुळे डोळे खरोखर भरून आले होते.

एकटी पेर्नेत तेवढी भांडी घासता घासता म्हणाली, “खेचराला सिस्टरचं नाव, शिंपल्याला पोरीचं नाव. मालकांना नावं ठेवायला बरं जमतं.”

मी तिला रागावले. पण नंतर मला दुसरं काही सुचेना.

थेओदूल, तिचं नाव राहावं म्हणून मी तिला जन्म दिला नव्हता. मी तुम्हांला बोलावलं आणि तुम्ही मला लॅटिन पाठवलंत. तुम्ही गेलात तेव्हा ती तुमच्या पट्ट्यापर्यंत पोचत होती. नंतर ती माझ्या खांद्याला लागली. तुम्ही ज्या पोरीचं नाव शिंपल्याला दिलंत ती पट्ट्याएवढी होती. जी गेली ती तुम्ही पाहिलेलीच नाही.

आज मेणबत्त्यांचा सण. सगळ्या घरांत पातळ धिरडी होतात आणि मुली ती तव्यावर उडवतात. आमच्या घरी केली नाहीत.

ले.


सेम्यूर, २० ऑक्टोबर १८५५

थेओदूल,

पेट्या आल्या. कोरड्यात ठेवल्या. कोंबड्या आता नाहीत.

मागच्या आठवड्यात मी पॅरिसला जाऊन आले. दाढ फार दुखत होती आणि इथल्या न्हाव्याच्या हाती ती द्यायची माझी हिंमत नव्हती. आगगाडी आता मोंबारहून सरळ जाते. एका दिवसात माणूस पोचतं. दाढ काढली. गाडीला वेळ होता, म्हणून तुम्ही जिथे नमुने पाठवता त्या इमारतीत गेले. जवळच होती.

नाही, जवळ नव्हती. पूल ओलांडून जावं लागलं.

तिथला सहायक, तोंडावर देवीचे व्रण असलेला एक कृश माणूस, आधी मला आत सोडेना. “बाईमाणसांसाठी गुरुवार असतो, मादाम.” मी नाव सांगितलं. त्यानं लगेच खुर्ची पुसून दिली. “गोद्रिये साहेबांच्या पत्नी! आम्ही इथे त्यांचे किती गुण गातो! काय बघायचंय? हाडं? मासे?”

“आमोनितेस सिदोनिए,” मी म्हटलं. उच्चार चुकला असेल. त्यानं सुधारला नाही.

त्यानं कप्पा ओढला. कापसावर ठेवला होता. मला वाटलं होतं मोठा असेल. तळहातात मावला. रंगानं काळसर, आणि थंड. कडेकडे येताना त्याची प्रत्येक रेघ दुभंगते आणि दोन रेघा होऊन पलीकडे उतरते. बोट फिरवलं की कळतं. खाली कागदाच्या पट्टीवर तिचं नाव होतं, तुमच्या अक्षरात.

तो माणूस सांगत होता की या दुभंगलेल्या रेघांमुळेच हा वेगळा ठरतो. याचा एक भाऊबंद आहे, बॅरन मोर्लां यांनी वर्णन केलेला, पण त्याच्या रेघा सरळ जातात. गोद्रिये साहेबांनी हे किती बारकाईनं दाखवून दिलंय! मी ऐकत होते. थोड्या वेळानं तो म्हणाला, “मादाम, आता द्या.” मी हात पुढे केला. मग तो पुन्हा म्हणाला, “मादाम, मूठ उघडा.”

दाढेची जखम भरते आहे. तुम्ही विचारलं नाहीत, पण कळवते. पाद्रीबाबांच्या सांगण्यावरून सिदोनीच्या कबरीच्या दगडावर मी ते लॅटिन नाव खाली कोरून घेतलं. पाथरवट नाहीतरी शेजारच्या कबरीचं काम करत होता.

ले.


सेम्यूर, ९ जून १८५७

श्री. थेओदूल गोद्रिये यांस,

हे पत्र पॅरिसच्या पत्त्यावर पाठवायचं म्हणजे हाताला नवल वाटतं. इतकी वर्षं समुद्रापलीकडे लिहायची सवय. तुम्ही जानेवारीत बोर्दोला उतरलात हे मला वर्तमानपत्रातून कळलं. घाट बंद होता, म्हणून तुम्ही येत नव्हतात. आता मोंबारचं स्टेशन कोणत्या बर्फाखाली गेलंय?

तुम्ही लिहिता, विद्वत्सभेत एक जागा रिकामी झाली आहे, निवडणुकीपर्यंत पॅरिस सोडणं शक्य नाही, घरोघर जाऊन भेटी घ्याव्या लागतात. ठीक. त्या भेटींबद्दलच विचारायचं आहे.

परवा नोटरी राविन्यो आले. नेहमी येताना टोपी फिरवत येतात. परवा टोपी छातीशी धरली होती, कुणी गेल्यासारखी. हातात तुमच्या मंडळाचं छापील पत्रक.

“मादाम, तुम्हांला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. सिदोनिए रद्द झालं.”

“म्हणजे काय झालं?”

“शास्त्राचा नियम आहे. एकाच जिवाला दोन नावं मिळाली तर आधीचं खरं, नंतरचं बाद. बॅरन मोर्लां यांनी तोच शिंपला आधी वर्णिला होता, असं ठरलं. त्यांनी त्याला आपल्या एका बँकवाल्या मित्राचं नाव दिलंय.”

“कुणी ठरवलं?”

त्यांनी खाली पाहिलं. “सभेत खुद्द गोद्रिये साहेबच उभे राहिले आणि म्हणाले, माझी चूक झाली, दोन्ही एकच आहेत.”

पेर्नेत कॉफी घेऊन आली होती. ती तशीच उभी राहिली. “बँकवाल्याचं नाव? आमच्या पोरीच्या जागी?”

राविन्यो भले गृहस्थ आहेत. तुमची बाजू घ्यायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. चूक कबूल करायला मोठं मन लागतं, वगैरे. मी विचारलं, “रेघांचं काय? बॅरनच्या शिंपल्याच्या रेघा सरळ जातात. हिच्या दुभंगतात.” ते पत्रक पुन्हा चाळू लागले. मग म्हणाले की त्यांनाही तेच कळत नाही. आणि मग, अगदी हळू, की विद्वत्सभेच्या निवडणुकीत मोर्लांच्या मुठीत बरीच मतं आहेत.

मी शास्त्र शिकलेले नाही. मी त्या रेघांवरून बोट फिरवलेलं आहे. तेव्हा मला एका ओळीत सांगा, दोन्ही खरंच एक आहेत का? असतील तर मी यावर पुन्हा चकार शब्द काढणार नाही. नियम तो नियम. माझी मुलगी दुसऱ्याच्या जागेवर फुकट बसावी असं मला मुळीच वाटत नाही. पण नसतील, तर मला कळू द्या की तुम्ही तिचं नाव कशाच्या बदल्यात दिलंत.

लेओकादी गोद्रिये


सेम्यूर, २७ सप्टेंबर १८५७

थेओदूल,

तुम्ही त्या एका ओळीचं उत्तर दिलं नाहीत. त्याऐवजी स्वतः आलात, निवडून आलेले, कोटाला पदक लावून. कारण नगराध्यक्षांनी मेजवानी ठेवली होती. मी बोलावलं तेव्हा नव्हता आलात.

सगळं तुमच्या डोळ्यांदेखत घडलं. तरी लिहिते, कारण तुम्ही ते स्वतःला वेगळ्या तऱ्हेनं सांगाल आणि हळूहळू तेच खरं वाटायला लागेल.

बायकांना सभागृहाच्या वरच्या सज्जात बसवलं होतं. खाली तुम्ही पुरुष ताटातल्या गोगलगायी टोकरत होतात. नगराध्यक्ष म्हणाले, “या मातीचा सुपुत्र! लहानपणी आपल्या नांगरटीतून शिंपले वेचणारा पोर आज फ्रान्सच्या विद्वानांत बसला!” सगळ्यांनी पेले उचलले. मग तुम्ही उठलात. सुंदर बोललात. बर्फ, घाट, कोसळलेलं खेचर. शेजारच्या बाईनं माझं मनगट धरलं होतं. मग तुम्ही म्हणालात, “शास्त्रज्ञाला एकच देव असतो, सत्य.”

तेव्हा मी उभी राहिले. आधी ठरवलं नव्हतं.

“मग सांगा,” मी वरून म्हटलं, “सिदोनीचा शिंपला आणि बॅरनचा शिंपला एकच आहेत का?”

सगळ्या माना वर वळल्या. पाद्रीबाबांच्या हातातला चमचा खाली पडला. तुम्ही मला पाहिलंत. त्या दिवसात पहिल्यांदा नीट पाहिलंत.

“मादाम,” तुम्ही म्हणालात. आपल्या लग्नाच्या बायकोला, मादाम. “मादाम, दोन्ही एकच आहेत. बाप म्हणून मला दुःख होतं. पण शास्त्रात मायेला जागा नसते.”

आणि टाळ्या पडल्या. थेओदूल, टाळ्या पडल्या! कुणी तरी डोळे पुसले. शेजारची बाई म्हणाली, “केवढा खंबीर माणूस!” मी खाली बसले.

घरी आल्यावर तुम्ही जिन्याच्या पायरीवर बसलात, बूटही न काढता. म्हणालात, “लेओकादी, वेगळे आहेत. मला ठाऊक आहे. डोळे असलेल्या कुणालाही दिसेल.”

“मग तिथे का नाही सांगितलंत?”

“मोर्लांशिवाय ती जागा मिळत नव्हती. त्यांनी स्पष्ट काही मागितलं नाही. फक्त विचारलं, तो शिंपला तुम्हांला अजून वेगळा वाटतो का? ते म्हातारे आहेत. ते गेले की मी नाव परत आणीन. चार-पाच वर्षांचा प्रश्न आहे. दगडांत चार-पाच वर्षं म्हणजे काय?”

मी म्हटलं, “तुम्ही उद्या राविन्योंना एवढंच सांगा. एका माणसाला.”

तुम्ही म्हणालात, “ते साऱ्या गावाला सांगतील.” मग म्हणालात, “सकाळी आपण कबरीवर जाऊ. दोघं.”

सकाळी मी काळी शाल घेऊन खाली आले तर गाडी दारात उभी होती. नगराध्यक्षांचा भाऊ मोंबारपर्यंत बरोबर येणार होता, त्याला ताटकळत ठेवणं बरं दिसलं नसतं. तुम्ही माझ्या कपाळाला ओठ लावलेत. पेर्नेत दारात उभी होती. तिनं दार धरून ठेवलं, पण मालकांना वाकून नमस्कार केला नाही. तुमच्या लक्षात आलं नसेल.

मी एकटी गेले. पाथरवटाला बरोबर घेऊन गेले. खालची लॅटिन ओळ त्यानं छिन्नीनं काढून टाकली. मी काढायला लावली, कारण तिच्या अंगावर मला तुमचा शब्द नको होता. आता तिथे नुसतं सिदोनी आहे. ते नाव माझ्या आईचं होतं. ते काही तुम्ही दिलेलं नाही, त्यामुळे तुम्हांला रद्दही करता येणार नाही.

यापुढे येऊ नका. पेट्या हव्या तेव्हा माणूस पाठवून न्या.

लेओकादी


सेम्यूर, ११ जानेवारी १८६६

श्री. गोद्रिये यांस,

इतक्या वर्षांनी तुमचं अक्षर ओळखायला मला चष्मा लावावा लागला. अक्षर थरथरतं आहे. प्रकृती बरी नाही हे त्यावरून कळलं, तुम्ही लिहिण्याआधीच.

बॅरन मोर्लां वारले, असं कळवलंत. देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो. तुमच्या मोठ्या ग्रंथाचा शेवटचा भाग छापायला जातो आहे आणि त्यात तुम्ही सिदोनिए हे नाव परत आणताय, रेघांच्या पुराव्यासकट. आणा. माझी परवानगी मागितलीत, त्याची गरज नव्हती. तो तुमचा शिंपला आहे. त्याचं काय करायचं ते तुमच्या मंडळींनी ठरवावं. मोर्लांच्या पोरांनी परवा पुन्हा रद्द केलं, तर मला कळवायची तसदी घेऊ नका.

उत्तर लिहायला बसले ती दुसऱ्या गोष्टीसाठी.

तुम्ही एका चित्रकाराकडून सिदोनीचं चित्र करून घेताय. तुमच्या बिछान्यासमोर लावायला. तिचा फोटो कधी काढलेला नव्हता, म्हणून चित्रकाराला सगळं सांगावं लागतंय. केस, हनुवटी, अंगलट सांगितलीत. आणि आता तुम्ही मला विचारता, तिचे डोळे कोणत्या रंगाचे होते. ‘करडे की तपकिरी, नेमकं आठवत नाही. कृपा करून लवकर कळव, चित्रकार खोळंबला आहे.’

मी पत्र पेर्नेतला वाचून दाखवलं. ती आता पुरती बहिरी झाली आहे, कानात ओरडावं लागतं. डोळ्यांच्या रंगाचा प्रश्न कानात ओरडून सांगायचा म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “सांगून टाका हो, मालकीणबाई. म्हातारा झालाय तो. मरायला टेकलाय.”

“तुला आठवतो?”

“मला?” ती भडकली. “रोज सकाळी तोंड धुवायचे मी तिचं!”

मी दौत जवळ ओढली. सांगावं, असंच मनात होतं. खरं सांगते. शब्द लिहायला घेतलाही होता. मग तुमच्या ग्रंथाचा पहिला भाग समोर फडताळात दिसला, राविन्योंनी मरण्यापूर्वी मला दिलेला. उघडला. त्यात एका शिंपल्याच्या आतल्या अंगाचा रंग सांगायला तुम्ही अर्धं पान घेतलंय. कोणत्या उजेडात कसा दिसतो, ओला असताना कसा, सुकल्यावर कसा.

लिहायला घेतलेला शब्द मी खोडला. मागून उजेडात धरून पाहाल म्हणून तो कागदच चुलीत टाकला आणि हा नवीन घेतला.

हे एकच माझ्याकडे असं आहे, जे तुमच्याकडे नाही. ते मी तुम्हांला देणार नाही.

चित्रकाराला म्हणावं, डोळे मिटलेले काढ. मी शेवटचे पाहिले ते तसेच होते.

लेओकादी